उंचावरचा नळ

आंबेखारच्या उत्तम भोईरांच्या ओट्यावर सरकारी माणसाला खुर्ची मिळत नसे. ही रीत त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली. शीळफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एक बुटकी टेकडी येते, तिच्या पाठीवर आंबेखार वसलंय. वडील हयात होते तेव्हा त्यांच्या भातशेतातून शहराकडे जाणारी भली जाड जलवाहिनी टाकली गेली. वडिलांनी कागदावर अंगठा दिला, वर मजुरांना जेवूही घातलं. गावालाही पाणी मिळेल असं कुणीतरी साहेब बोलून गेला होता. पाणी पायाखालून गेलं, ते गेलंच. गावच्या बाया पुढची कित्येक वर्षं डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढत राहिल्या. त्यात उत्तमशेठची आई हौसाबाईही होती.

पुढे गावात नळ आले. पण नळ येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. रस्त्याकडेच्या शेतांवर एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या. भोईरांच्याही जमिनीवर राहिली. वरच्या गावात मात्र भर श्रावणात बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि नळ नुसता फुसफुसायचा.

अशाच एका श्रावणात नवी मोठी लाइन टाकायचं काम निघालं. रस्त्याच्या पलीकडे मेट्रोचे खांब, अलीकडे गटार आणि विजेच्या केबली. राहिला तो भोईरांचा रस्त्यालगतचा पट्टा. त्याच्यासाठी दोन साहेब येऊन गेले होते. दोघांनाही उत्तमशेठनी उभ्यानंच वाटेला लावलं होतं.

तिसऱ्या खेपेला आल्या त्या निशिगंधा तेंडोलकर. पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंता. वय पन्नाशीच्या पुढे, साधा पंजाबी ड्रेस, पायात बूट, खांद्याला जड पिशवी. सोबत कनिष्ठ अभियंता साईनाथ, हातात नकाशांची गुंडाळी घेऊन.

उत्तमशेठ झोपाळ्यावर होते. ते उठले नाहीत.

"जमिनीचं असेल तर आल्या पावली परत जा, मॅडम. आमच्या बापानं एकदा दिली. काय झालं ते बघतोय आम्ही."

साईनाथ नकाशा उलगडायला लागला. बाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी कुणी जमीन मागायला आलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. जमिनीचं नंतर बघू. पाण्याचं विचारू का?"

"विचारा. विचारायला काय जातंय."

"गावात पहिलं पाणी कोणत्या नळाला येतं? आणि कोणत्या नळाला येतच नाही?"

असा प्रश्न याआधी कुणीच विचारला नव्हता. उत्तमशेठनी पायानं झोपाळा थांबवला. आतून हौसाबाई काठी टेकत बाहेर आल्या. नऊवारी कासोटा, गळ्यात पिवळी माळ, नजर अजून तल्लख.

"उत्तम, बायमानूस उभी हाय ना उन्हान. खुर्ची दे तिला," त्यांनी लेकाला फर्मावलं आणि मग बाईंना न्याहाळत म्हणाल्या, "तू पान्याची मोठी सायेब ना गो? तुजे घरा चोवीस तास पानी आसंल."

निशिगंधाबाई हसल्या. "कुठलं आजी! डोंबिवलीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी येतं थोडा वेळ. तेवढ्यात भरून ठेवते, तुमच्यासारखंच."

हौसाबाईंना ते उत्तर आवडलं असावं, कारण त्या स्वतःच बाईंना परसातला नळ दाखवायला घेऊन गेल्या. उत्तमशेठही उठले. आपण का उठलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

ती सकाळ बाईंनी गावात पायी काढली. पिशवीतून पाण्याचं प्रेशर मोजायचं गेज काढायच्या, नळाला लावायच्या, काटा बघायच्या, साईनाथला आकडा सांगायच्या. चिखलाची वाट, मध्येच पावसाची सर, पण बाईंचं पाऊल अडखळलं नाही. उत्तमशेठ कुतूहलापोटी मागे मागे चालत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कशाला फिरता? माणसं नाहीत काय तुमच्याकडं?"

"आहेत ना. पण सवय लागली," त्या म्हणाल्या. "विठ्ठलवाडीच्या बाजूला एका पंपावर नोकरीला लागले तेव्हा तिथे बाई म्हणून मी एकटीच. बाईला पंपावर कसं पाठवायचं म्हणून साहेबांनी ऑफिसात टेबल दिलं. मी आठवडाभर बसले. मग म्हटलं, साहेब, टेबलाला काही पाणी येत नाही, मला पंपावरच पाठवा."

"मग?"

"मग काय, ते चिडले. पण पाठवलं. तेव्हापासून फिरतेच आहे. कल्याण झालं, ठाणं झालं, उल्हास नदीच्या काठावर तर चार पावसाळे काढले. पूर आला की आधी पंपघरात शिरलेलं नदीचं पाणी बाहेर काढायचं, मग लोकांना नळाचं द्यायचं."

टेकडीच्या चढावर एके ठिकाणी त्या थांबल्या. लाइन तिथे जरा उंचवट्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरत होती. "इथे हवा अडकते," त्या म्हणाल्या. "बाटलीत वरती हवा राहिली की पाणी पुढे सरकत नाही, तसं. इथे हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवायला हवा होता, कुणी बसवलेला दिसत नाही. मी बसवते. गौरी यायच्या आधी तुमच्याकडे पाणी येईल."

"आणि जमीन?"

"पाणी येईपर्यंत मी जमिनीचा शब्द काढणार नाही."

परत जाताना गाडीत साईनाथ काकुळतीनं म्हणाला, "मॅडम, आधी सही घेतली असती तर बरं झालं असतं. पाणी दिल्यावर हे लोक ओळखसुद्धा दाखवणार नाहीत." बाई म्हणाल्या, "न दाखवोत. तहानलेल्याशी सौदा करायचा नसतो." ही गोष्ट उत्तमशेठना साईनाथनंच सांगितली, पण ती बरीच नंतर.

व्हॉल्व्ह बसला. बसवताना बाई स्वतः खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. ठरल्या दिवशी सकाळी हौसाबाईंच्या परसात निम्मं गाव जमलं. हंडे, कळश्या, बादल्या रांगेत लागल्या. नळ खोकला, थरथरला, पाण्याची जाड धार आली. बायांनी टाळ्या वाजवल्या. एक हंडा भरला, दुसरा अर्धा झाला आणि धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली, मग तुटली. नळ पुन्हा फुसफुसायला लागला.

मग कुणीतरी हसलं. हसणं पसरत गेलं तसे उत्तमशेठचे कान तापले. आपण या बाईवर भरवसा ठेवायला लागलो होतो, याचाच त्यांना जास्त राग आला.

त्यांना वाटलं, आता काही ही बाई फिरकायची नाही. याआधीचे साहेब असेच गेले होते. पण दुसऱ्याच दिवशी गाडी गावदेवीच्या देवळासमोर उभी राहिली. बाई उतरल्या, मंडपात गेल्या आणि गाडी बघून जमलेल्या माणसांसमोर उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढे उत्तमशेठचा मुलगा प्रितम होता. गळ्यात साखळी, हातात दोन फोन.

"मॅडम, पब्लिकला येडा समजता काय?" प्रितम ओरडला. "दोन हंड्यांचं पाणी दाखवून फोटो काढणार होता काय?"

गलका झाला. बाईंनी तो ओसरू दिला.

"माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मागच्या माणसापर्यंत पोचला. "लाइनमध्ये हवा होती, ती काढली. पण तेवढ्यानं भागेल असं मला वाटलं, ते चूक होतं. तुम्हाला गौरीचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. दुसरं काय कारण आहे ते मला आज माहीत नाही. शोधते आहे. या वेळी तारीख सांगत नाही, कारण मलाच माहीत नाही."

उत्तमशेठनी तोंडात बरंच काही जमवून ठेवलं होतं. अधिकारी सबबी सांगेल, ठेकेदारावर ढकलेल, वरच्या साहेबाचं नाव घेईल, मग आपण बोलू, असा त्यांचा बेत. पण ज्या माणसानं चूक स्वतःच उघड केली, त्याला बोलायचं काय? आयुष्यात इतके साहेब पाहिले, पण "मला माहीत नाही" असं म्हणणारा एक भेटला नव्हता. मंडप हळूहळू रिकामा झाला. काही माणसं चिडूनच गेली, काही नुसतीच.

गौरी आल्या आणि गेल्या. त्या वर्षी गौरींसाठी पाणी टँकरनंच आलं.

गणपती उठल्यावर बाईंचा फोन आला. "उत्तमशेठ, उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला तुमच्या परसात येऊ का? एक प्रयोग करायचाय. वीज कंपनीशी बोलले आहे. ते खालच्या इमारतींची आणि तुमच्या गावाची लाइट थोडा वेळ बंद ठेवणार आहेत. लोकांना त्यांनी कळवलंय."

"पाण्याचं काम, लाइट कशाला बंद?"

"उद्या बघा की."

सकाळी बाईंनी हौसाबाईंच्या नळाला गेज लावलं आणि त्या पायरीवर बसल्या. काटा शून्याला चिकटलेला. साईनाथ खाली रस्त्यावर होता. त्याचा फोन आला, "मॅडम, बंद केली." घरातला पंखाही थांबला. परसात माशीचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. हौसाबाई सुपारी कातरायच्या थांबल्या.

काटा हलला. जरासा थरथरला, मग सरळ वर चढत गेला. बाईंनी गेज काढून नळ उघडला. पाणी असं आलं की खालची बादली उपडी झाली.

"आग बया!" हौसाबाई म्हणाल्या. "लाइट गेली आन पानी आला!"

उत्तमशेठ त्या धारेकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे खाली मोटारी चालतायत. थेट लाइनीला जोडलेल्या."

"हो. पाणी सुटलं की सगळ्या एकदम सुरू होतात. वर चढायला काही उरतच नाही."

"कुणाच्या मोटारी? नावं सांगा, मॅडम. आज गावातली शंभर पोरं घेऊन जातो, उखडून टाकतो एकेक."

बाईंनी नळ बंद केला, हात ओढणीला पुसले. "चला माझ्याबरोबर. पोरं नकोत. तुम्ही एकटेच या."

दोघं टेकडी उतरली. रस्त्याला लागल्यावर बाई डावीकडे वळल्या. उत्तमशेठ दोन पावलं चालले आणि थबकले. समोर कमानीवर सोनेरी अक्षरं होती: भोईर हाइट्स. त्यांच्याच जमिनीवरची इमारत. पाच फ्लॅट त्यांच्या घरच्यांचे, एकात प्रितम राहायचा. चोवीस तास पाणी असलेली इमारत म्हणून तिचं परिसरात नाव होतं आणि उत्तमशेठना त्याचा अभिमानही होता. प्रितमनं पाण्याचा काहीतरी जुगाड केलाय, एवढं त्यांच्या कानावर होतं. जुगाड म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

खालच्या टाकीजवळच्या खोलीत एक दणकट मोटार बसवलेली होती. वीज परत आली होती आणि मोटार घरघरत होती. उत्तमशेठनी पाइपवर हात ठेवला. पाइप थंडगार होता, आतून जोरात ओढ लागल्यासारखा कापत होता. आपली म्हातारी आई वर नळापाशी बादली लावून बसते, तिचंच पाणी इथून जातंय, हे त्यांना हातानं कळलं.

"तुम्ही हे मंडपातच का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. "प्रितम सगळ्यांत जास्त ओरडत होता. तिथंच त्याचं तोंड बंद झालं असतं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि असतं तरी आधी तुम्हालाच सांगितलं असतं. चारचौघांत माणसाचं नाक कापलं की तो मोटार काढत नाही, दुसरी लपवून बसवतो," बाई म्हणाल्या. "या रस्त्याला अशा नऊ-दहा इमारती आहेत. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांच्या मोटारी काढणार आहे, तुमचीही. तुम्ही आपणहून आधी काढलीत तर मला बाकीच्यांशी बोलायला सोपं जाईल. नाही काढलीत, तरी मी काढणारच आहे."

"आणि मग आमची जमीन?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही. पाणी वर चढल्यावरही तुम्ही 'नाही' म्हणू शकता."

संध्याकाळी बापलेकांचं वाजलं. "पप्पा, डोकं फिरलंय काय तुमचं?" प्रितम म्हणाला. "आपल्या बिल्डिंगीत चाळीस फॅमिली आहेत. मोटार काढली तर पाण्याबिगर बोंब मारतील. सगळेच लावतात यार, आपणच एकटे हरिश्चंद्र बनायचं?"

"तुझी आजी वर राहते रे."

"आजीला टँकर पाठवतो ना मी!"

"माझ्या आयचं पाणी चोरून तिलाच टँकर पाठवतोस?" उत्तमशेठ एवढंच म्हणाले. प्रितम फोन कानाला लावून बाहेर निघून गेला.

पण चाळीस कुटुंबांचं प्रितम बोलला ते खोटं नव्हतं. उत्तमशेठनी बाईंना फोन करून तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणून तर नुसत्या मोटारी काढून भागणार नाही. खालच्यांनाही पाणी हवंच आहे. रविवारी सोसायटीत येते."

रविवारी भोईर हाइट्सच्या गच्चीवर सभा भरली. सोसायटीचे सेक्रेटरी विश्राम सावंत, मूळचे कणकवलीकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी हात जोडूनच सुरुवात केली. "मॅडम, आम्ही काय हौसेनं मोटार लावली नाही. पहिल्या वर्षी महिन्यातले पंधरा दिवस टँकर आणला. आमच्यात म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत."

"मला माहीत आहे, सावंत. म्हणून तुम्हाला चोर म्हणायला आले नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी साईनाथला नकाशा भिंतीला लावायला सांगितला आणि पाऊण तास समजावून सांगत राहिल्या. पाण्याच्या वेळेचे दोन भाग करायचे. आधी चावी वरच्या गावाची उघडायची, ती बंद झाली की खालच्या इमारतींची. प्रत्येक इमारतीची खालची टाकी मोटारीशिवाय, आपल्या उतारानं भरेल. त्यासाठी आत जाणारा पाइप जरा खाली घ्यावा लागेल, तो कसा घ्यायचा ते साईनाथ दाखवेल. कुणीही मोटार लावली नाही, तर सगळ्यांना पुरेल एवढं पाणी या लाइनमध्ये आहे. एकानं जरी लावली, तर शेजारी लावणार आणि पुन्हा हेच.

"आणि नाही पुरलं तर?" एका बाईनं विचारलं.

"तर मला फोन करा. नंबर इथे लिहिते." त्यांनी भिंतीवरच्या नकाशाच्या कोपऱ्यात स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. साईनाथनं डोळे मिटून घेतले. त्या फोनचं पुढे काय होणार, हे त्याला माहीत होतं.

उत्तमशेठ उठले. "आमची मोटार उद्या सकाळी निघेल," ते म्हणाले. "भोईरांची आधी. बाकीच्यांनी मग बघा."

दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन स्वतः खोलीत उतरले. नट गंजलेले, जोर लागत होता. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. प्रितम होता. त्यानं बापाच्या हातातला पाना घेतला आणि खाली बसला.

ही बातमी रस्त्यानं पसरली. भोईरांनीच काढली म्हटल्यावर सहा-सात इमारतींनी आपणहून काढल्या. दोन सोसायट्या कोर्टाची भाषा करत राहिल्या. बाई रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायच्या, चहा घ्यायच्या, पुन्हा समजावायच्या. एकीनं ऐकलं. दुसरीनं नाहीच ऐकलं, तेव्हा तिची मोटार नियमाप्रमाणे बंदोबस्तात काढली. तिथं बाईंना नको नको ते ऐकावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच सोसायटीचा आत जाणारा पाइप खाली घ्यायला साईनाथला पाठवलं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी वरची चावी उघडली. या वेळी गावात कुणी जमलं नव्हतं. बाईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. हौसाबाई तुळशीपाशी होत्या. परसात पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून त्या गेल्या. हंडा भरला, कळशी भरली, टाकी भरायला लागली, धार तुटेना. म्हातारीनं दोन्ही हात धारेखाली धरले आणि तशीच उभी राहिली. मग लेकाला हाक मारली, "उत्तम, नारल आन!"

देवळात नारळ फुटला, घरोघरी गोड झालं. बाईंचा मात्र पत्ता नव्हता. उत्तमशेठ प्रसाद घेऊन शोधत खाली उतरले. भोईर हाइट्सच्या खालच्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि बाई गुडघे टेकून, बॅटरी आत धरून पाणी बघत होत्या. शेजारी विश्राम सावंत वाकलेले.

"मॅडम, वर सगळे तुमची वाट बघतायत."

"येते. इथली टाकी भरतेय का ते बघू दे आधी. वरच्यांना दिलं म्हणून खालच्यांचं गेलं असं व्हायला नको." त्या अजून वाकल्या. "भरतेय. सावंत, बघा, मोटारीशिवाय भरतेय!" आणि त्या अशा हसल्या की पंपावर पहिल्यांदा उभी राहिलेली पोरगी कशी दिसली असेल, ते उत्तमशेठना एकदम कळलं.

"मॅडम, जमीन घ्या," ते म्हणाले. "आणा तुमचा कागद."

बाई उठल्या, गुडघे झटकले. "आज नको. आज तुम्ही खुशीत आहात. भावांना विचारा, कागद घरी नेऊन वाचा, वकिलाला दाखवा. पंधरा दिवसांनी साईनाथ येईल."

कागद वाचून, भावांशी चार वेळा भांडून, उत्तमशेठनी सही केली. पुढच्या पावसाळ्याआधी मोठी लाइन त्यांच्या पट्ट्याखालून गेली. आता तिच्यावरून पुढच्या कितीतरी वस्त्यांना पाणी जातं. काम चालू असताना प्रितम रोज तिथं उभा असायचा. आणि रस्त्यावर कुणी नवी मोटार आणली अशी कुणकुण लागली, की साईनाथच्या आधी तोच पोचायचा.

त्यानंतर बाईंना बढती मिळाली आणि त्या ठाण्याच्या ऑफिसात गेल्या. एक दिवस हौसाबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. "पान्यावाल्या बाईला नेऊन दे. तिला म्हनावं, गरम करून खा." उत्तमशेठ डबा घेऊन निघाले. खोपटला बस डेपोसमोर उतरले आणि विचारत विचारत ऑफिसात पोचले. बाहेरच्या बाकावर कुठल्याशा गावची दहा-बारा माणसं तणतणत बसलेली.

"तारीख सांगायला तयार नाही ही बाई," त्यांतला एक उत्तमशेठना म्हणाला. "म्हणते, अजून कारण सापडलं नाही."

"तुमच्या गावात आल्या होत्या काय?"

"दोनदा. चिखलातून फिरल्या."

"मग जास्त ओरडू नका," उत्तमशेठ त्याच्या शेजारी बसत म्हणाले. "तुमचं काम होणार. उशीर लागेल, पण होणार. आमचं झालं." आणि त्यांनी आंबेखारची सगळी गोष्ट सांगायला घेतली. स्वतःच्या मोटारीसकट, काही न लपवता.

गोष्ट संपत आली तेव्हा केबिनचं दार उघडलं. निशिगंधाबाई बाहेर आल्या. केस जास्त पिकले होते, खांद्याला तीच जड पिशवी होती. उत्तमशेठना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, उत्तमशेठ! कसे आलात? आजी बऱ्या आहेत ना? आणि सावंतांच्या टाकीत पाणी नीट येतंय ना?"

"सगळ्यांना येतंय," डबा पुढे करत उत्तमशेठ म्हणाले. "तुम्ही आधी जेवा."